विश्लेषण : ‘होमब्रू’, ‘नँड’, ‘ब्रिक’... गेम कन्सोल ‘मॉड’ करण्यापूर्वी हे शब्द समजणे का गरजेचे?

निन्टेन्डो कंपनीने २७ मार्च २०२३ रोजी ‘थ्रीडीएस’ या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलचे ऑनलाइन दुकान नव्या खरेदीसाठी बंद केले. एप्रिल २०२४ मध्ये इंटरनेटवरून इतरांशी खेळण्याची सोयही थांबली. २०११ मध्ये आलेले आणि जगभरात साडेसात कोटींहून अधिक विकले गेलेले हे यंत्र अनेकांच्या कपाटात आजही चालू स्थितीत आहे. ते ‘मॉड’ करावे का, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आहे. पण त्यासाठीच्या सूचना वाचायला घेतल्या की पहिल्याच पानावर एक्सप्लॉइट, नँड, कस्टम फर्मवेअर, ब्रिक, डम्प असे शब्द येतात आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो. यातला एक शब्द चुकीचा समजला तर यंत्र कायमचे बंद पडू शकते आणि दुसरा चुकीचा समजला तर कायद्याशी गाठ पडू शकते. म्हणून या शब्दांचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

कन्सोल ‘मॉड’ करणे म्हणजे नेमके काय?

संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर टाकता येते. गेम कन्सोलवर तसे होत नाही. यंत्र सुरू होताना जे मूळ सॉफ्टवेअर चालते त्याला ‘फर्मवेअर’ म्हणतात. आपल्यापुढे आलेल्या प्रत्येक प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे ते तपासते. सही नसेल तर प्रोग्राम चालत नाही. ही तपासणी शिथिल करून यंत्राला सहीविना सॉफ्टवेअर चालवायला लावणे म्हणजे ‘मॉड’ करणे, अर्थात मॉडिफाय करणे.

त्याचे दोन प्रकार आहेत. केवळ सॉफ्टवेअरच्या आधारे केलेला बदल म्हणजे ‘सॉफ्टमॉड’. यंत्र उघडून त्यात डाख देऊन जास्तीची चिप बसवणे म्हणजे ‘हार्डमॉड’ आणि त्या चिपला ‘मॉडचिप’ म्हणतात. थ्रीडीएसच्या बाबतीत सॉफ्टमॉड पुरेसे ठरते, स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा लागत नाही. पण यंत्र उघडावे लागत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

‘एक्सप्लॉइट’ म्हणजे काय?

बंद घरात शिरायला एखादी न लागलेली कडी सापडावी तशी सॉफ्टवेअरमधली चूक शोधून तिचा वापर करणे म्हणजे ‘एक्सप्लॉइट’. सूचनांमध्ये यालाच ‘एंट्रीपॉइंट’ असाही शब्द येतो. दोन्हींत सूक्ष्म फरक आहे. ज्या जागेतून आत शिरता येते तो एंट्रीपॉइंट, तर शिरण्याची युक्ती म्हणजे एक्सप्लॉइट.

याचे गाजलेले उदाहरण ‘क्युबिक निन्जा’ या गेमचे. २०११ मध्ये आलेल्या या गेमची फारशी दखल कुणी घेतली नव्हती. त्यात खेळाडूला स्वत:चा टप्पा रचून तो क्यूआर कोडद्वारे इतरांना देण्याची सोय होती. असा कोड वाचताना गेम पुरेशी तपासणी करत नाही, हे एका प्रोग्रामरने हेरले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘निन्जॅक्स’ हा एक्सप्लॉइट जाहीर झाला. विशिष्ट क्यूआर कोड दाखवला की गेम गोंधळे आणि बाहेरचा प्रोग्राम चालू होई. या घोषणेनंतर काही दिवसांतच या विस्मृतीत गेलेल्या गेमच्या जुन्या प्रतींची किंमत अनेक पटींनी वाढली. जपानमधल्या ऑनलाइन दुकानातून निन्टेन्डोने तो गेमच काढून टाकला.

‘होमब्रू’ आणि ‘कस्टम फर्मवेअर’ यांत फरक काय?

नवखे लोक हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. ‘होमब्रू’ म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय हौशी प्रोग्रामरनी स्वत: लिहिलेले सॉफ्टवेअर. त्यात छोटे गेम, फाइल पाहण्याची साधने, जतन केलेल्या खेळाची प्रत काढून ठेवणारे प्रोग्राम असे काहीही असू शकते. ते चालवण्यासाठी वरवरचा प्रवेश पुरतो. निन्जॅक्स तेवढाच प्रवेश देत असे. यंत्र बंद केले की त्याचा परिणाम संपे आणि पुन्हा तोच गेम सुरू करून तोच कोड दाखवावा लागे.

‘कस्टम फर्मवेअर’ ही त्याच्या कितीतरी खालच्या थरातली गोष्ट आहे. थ्रीडीएसवरचे ‘लुमा’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. यंत्र सुरू होतानाच ते कंपनीचे फर्मवेअर हाती घेते, त्यातल्या सही तपासण्याच्या ठिकाणी बदल करते आणि मग ते चालू करते. त्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी ‘मोकळे’ होऊनच सुरू होते. थ्रीडीएसला असलेले ‘रीजन लॉक’, म्हणजे जपानमध्ये विकलेला गेम अमेरिकेतल्या यंत्रावर न चालणे, हे बंधनही यामुळे दूर होते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रावर खेळणाऱ्या भारतीयांसाठी हे बंधन अधिकच अडचणीचे असते. यंत्र एका देशातले आणि हाती आलेला गेम दुसऱ्या देशातला, असे सहज घडते.

थोडक्यात, होमब्रू हा पाहुणा, तर कस्टम फर्मवेअर म्हणजे घराची किल्ली बदलणे. पाहुण्याने गोंधळ घातला तर त्याला बाहेर काढता येते. किल्ली बदलताना चूक झाली तर मालकच बाहेर राहतो.

मग कंपनीने ही चूक दुरुस्त का केली नाही?

याचे उत्तर ‘बूट रॉम’ या शब्दात आहे. यंत्राचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट रॉम. तो कारखान्यात चिप घडवतानाच तिच्यात कोरला जातो. फर्मवेअर अपडेटने बदलता येते, बूट रॉम बदलता येत नाही. बूट रॉम फर्मवेअरची सही तपासतो, फर्मवेअर गेमची सही तपासते. या साखळीतली पहिलीच कडी कच्ची निघाली तर पुढच्या कड्या कितीही भक्कम केल्या तरी उपयोग नसतो.

थ्रीडीएसच्या बूट रॉममध्ये नेमकी अशीच चूक होती. तिला ‘सिगहॅक्स’ असे नाव मिळाले. उत्तरपत्रिका उत्तरसूचीशी ताडून पाहण्याऐवजी परीक्षकाने ती त्याच उत्तरपत्रिकेशी ताडावी आणि पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसा हा प्रकार होता. विशिष्ट पद्धतीने बनवलेली खोटी सही समोर आली की बूट रॉम तिची तुलना स्वत:च काढलेल्या आकड्याशी करे आणि ती खरी ठरवे. २०१७ मध्ये या चुकीवर आधारलेले ‘बूटनाइनस्ट्रॅप’ हे साधन आले आणि विकल्या गेलेल्या सर्व थ्रीडीएसचे दार कायमचे उघडे झाले. पुढे २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’मधल्या एनव्हिडिया चिपच्या बूट रॉममध्येही चूक सापडली. विकलेल्या यंत्रांत ती दुरुस्त करणे शक्य नव्हते, नव्याने घडवलेल्या चिपमध्येच ती दूर करता आली.

‘नँड’चा बॅकअप घेण्याचा आग्रह का?

‘नँड’ ही यंत्राच्या आत बसवलेली साठवणुकीची चिप. फर्मवेअर, सेटिंग आणि यंत्राची ओळख तिच्यात असते. गेम आणि फोटो बहुतांशी बाहेरून घातलेल्या एसडी कार्डवर राहतात. एसडी कार्डवरची फाइल चुकून पुसली गेली तर ती पुन्हा टाकता येते. नँडमधली चुकीची फाइल पुसली गेली तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून बदल केल्यावर लगेच नँडची पूर्ण प्रत, म्हणजे ‘नँड बॅकअप’, काढून संगणकावर जपून ठेवायची असते.

इथे एक महत्त्वाचा बारकावा आहे. थ्रीडीएसच्या नँडमधली माहिती प्रत्येक यंत्राच्या स्वतंत्र किल्लीने कुलूपबंद केलेली असते. त्यामुळे मित्राच्या यंत्राचा बॅकअप आपल्या यंत्राला चालत नाही. ज्याने स्वत:चा बॅकअप काढला नाही, त्याला ऐनवेळी दुसऱ्याकडून तो मागून घेता येत नाही.

याच संदर्भात ‘इम्यूनँड’ हा शब्द येतो. नँडची नक्कल एसडी कार्डवर ठेवून सगळे प्रयोग त्या नकलेवर करणे म्हणजे इम्यूनँड वापरणे. मूळ कागद कपाटात ठेवून झेरॉक्सवर खाडाखोड करण्यासारखेच हे आहे.

‘ब्रिक’ आणि ‘बॅन’ हे वेगळे धोके कसे?

‘ब्रिक’ म्हणजे वीट. काहीच न करणारे यंत्र विटेइतकेच उपयोगाचे, यावरून हा शब्द आला. बॅकअपने किंवा सॉफ्टवेअरने परत आणता येणारे बिघाड ‘सॉफ्ट ब्रिक’, तर डाख देऊन तारा जोडल्याशिवाय किंवा मुळीच न सुधारणारे ‘हार्ड ब्रिक’. काम सुरू असताना बॅटरी संपणे, नकली एसडी कार्ड वापरणे, दुसऱ्या मॉडेलसाठीची किंवा जुनी सूचना पाळणे ही त्याची नेहमीची कारणे. मूळ यंत्र आणि नंतरचे ‘न्यू थ्रीडीएस’ यांतला फरकही म्हणूनच आधी पाहावा लागतो.

कधी धोका साधन विकणाऱ्याकडूनच येतो. २०१४ मध्ये थ्रीडीएससाठीच्या एका ‘फ्लॅशकार्ड’च्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्र निकामी करणारा कोड सापडला होता. आपल्या कार्डाची नक्कल वापरणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी तो घातला गेला होता.

‘बॅन’मध्ये यंत्र चालू राहते, पण कंपनीच्या ऑनलाइन सेवा बंद होतात. ही बंदी खात्यावर येऊ शकते, तशी यंत्रावरही. यंत्रावर आलेली बंदी नव्या मालकाकडेही जाते. त्यामुळे वापरलेला स्विच विकत घेताना तो ऑनलाइन जोडून पाहणे शहाणपणाचे ठरते.

चाचेगिरीची रेषा कुठे सुरू होते?

‘रॉम’ या शब्दाने इथे मोठा घोटाळा होतो. बूट रॉम ही चिपमधली गोष्ट, तर खेळाडूंच्या बोलण्यातला ‘रॉम’ म्हणजे गेमची फाइल स्वरूपातली प्रत. स्वत: विकत घेतलेल्या कार्ट्रिजमधून अशी प्रत काढणे म्हणजे ‘डम्प’ करणे. कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली प्रत उतरवून घेणे ही चाचेगिरी. फाइल दोन्हीकडे सारखीच असली, तरी ती हाती कशी आली याने सारा फरक पडतो.

कार्ट्रिजच्या आकाराचे आणि आत मेमरी कार्ड घेणारे ‘फ्लॅशकार्ड’ याच रेषेवर उभे आहे. ‘आर-फोर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा कार्डांवर आधीच्या ‘डीएस’ कन्सोलच्या काळात टोक्यो जिल्हा न्यायालयाने २००९ मध्ये विक्रीबंदी घातली. ब्रिटनच्या उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये निन्टेन्डोच्या बाजूने निर्णय दिला. स्विचसाठी चाचेगिरीची साधने विकणाऱ्या ‘टीम एक्झिक्युटर’ या गटातल्या एकाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांचा तुरुंगवास झाला.

भारतीय कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद त्यात आहे. इथे ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. शिवाय कलम ५२ नुसार संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप काढण्याची मुभा आहे. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने संरक्षण मोडणे हीच मुळात बंदी असलेली कृती ठरवली असून तिला दर तीन वर्षांनी ठरावीक सवलती दिल्या जातात. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हिडिओत ऐकलेला सल्ला, मग तो घाबरवणारा असो की धीर देणारा, भारतात जसाच्या तसा लागू होत नाही. कंपनीच्या करारातल्या अटी मात्र याहून वेगळ्या असतात. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतल्या वापरकर्त्यांसाठीचा खाते करार बदलला. अनधिकृत बदल केल्यास यंत्र पूर्णत: किंवा अंशत: कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार कंपनीने त्यात स्वत:कडे ठेवला आहे.

हा वाद फक्त हौशी खेळाडूंचा आहे का?

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. ग्रंथालयांनी जपलेले असे गेम संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. थ्रीडीएसवर केवळ डाउनलोड स्वरूपात विकले गेलेले आणि अन्यत्र कुठेच न आलेले गेम तर आता नव्याने विकतही घेता येत नाहीत. पूर्वी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय निन्टेन्डोने सुरू ठेवली आहे, पण ती कायम राहील अशी हमी दिलेली नाही. त्यामुळे ‘डम्प’ हा शब्द चाचेगिरी करणाऱ्याच्या तोंडी येतो, तसाच तो गेम जपू पाहणाऱ्याच्याही तोंडी येतो.

जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच-२’बरोबर या यादीत ‘गेम-की कार्ड’ या शब्दाची भर पडली आहे. दुकानातून घेतलेल्या अशा कार्डात पूर्ण गेम नसतो. कार्ड घातल्यावर तो कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावा लागतो. नवे यंत्र घेणाऱ्यांनी खोक्यावरचा हा शब्द आत्ताच वाचून ठेवलेला बरा. थ्रीडीएसच्या दुकानाला टाळे लागायला बारा वर्षे लागली होती.