खाजनें आणि चढता समुद्र

मांडवी व झुआरी या नद्यांच्या कांठीं जीं सखल भातशेतें दिसतात, तीं भरतीच्या पाण्याहून खालीं आहेत, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. गोव्यांत या शेतांस खाजन म्हणतात. गांवकरांनीं तिवरांच्या दलदलींत चिखल, पेंढा व चिरे यांचे बांध घालून ही जमीन खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. त्यांचे रिवाज पोर्तुगीजांनीं १५२६ सालीं लिहून घेतले, तेव्हांही ते जुनेच होते.

या व्यवस्थेचें मर्म मानशींत आहे. मानस म्हणजे बांधांत बसविलेलीं लांकडी दारें. बाहेर भरती चढूं लागली कीं पाण्याच्याच दाबानें तीं मिटतात. ओहोटी लागली कीं आंतील पाणी त्यांस ढकलून बाहेर पडतें. ओहोटीच्या वेळीं तेथेंच जाळें लावून मासे धरतात व त्या हक्काचा लिलांव होतो. शेतांत कोरगूट नांवाचें, खारेपणा सोसणारें भात पिकतें.

पण समुद्रच चढूं लागला तर? शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर वाढली. वीतभर पाणी तें काय, असें कोणी म्हणेल. वीतभर पाण्यानें भरती बांधाच्या माथ्याजवळ येते, हें तर उघडच आहे. परंतु ओहोटीही तितकीच कमी उतरते, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. ओहोटी कमी उतरली म्हणजे दारें थोडाच वेळ उघडीं राहतात, आणि श्रावणांतील पाऊस शेतांतच तुंबतो. बांध उंच केल्यानें पहिलें संकट टळेल, दुसरें टळत नाहीं. त्यासाठीं आंतील चर व पाणी सांठविण्याच्या खोलगट जागा गाळ काढून मोकळ्या राखाव्या लागतात.

हें काम पूर्वीं गांवकरी करीत असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर तें कुळांच्या संघांकडे आलें. जेथें पावसाळ्यापूर्वीं बांधावर चिखलाची भर पडते, तेथें शेतें टिकून आहेत. जेथें मासळीच्या लोभानें दारें अवेळीं उघडीं ठेविलीं, किंवा भगदाड पडूनही कोणी धांवलें नाहीं, तेथें शेतांत पुन्हा तिवरें उगवलीं. तिवरांस आम्ही दोष देत नाहीं. बांधाच्या बाहेरच्या अंगास असलीं म्हणजे लाटांचा मारा तींच सोसतात. खारें पाणी मात्र एकदां शेतांत मुरलें कीं धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाहीं, व तोंपर्यंत शेतकऱ्याच्या घरीं तांदूळ विकतचा येतो.