जुना राउटर फेकण्यापूर्वी

ब्रॉडबँड आले की राउटर कपाटावर बसतो आणि विसरला जातो. खरे तर तोही छोटा संगणकच. त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. कंपनीने त्याची दुरुस्ती थांबवली की राहिलेल्या फटींतून परका माणूस घरच्या जाळ्यात शिरू शकतो.

यावर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे फुकट फर्मवेअर आहे. लिंक्सिसच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटरमध्ये लिनक्स वापरले होते. लिनक्सच्या परवान्यामुळे २००३ साली त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला.

सुरतजवळ सचिनला अक्काकडे गेलो तेव्हा भाच्याबरोबर हे काम केले. आधी राउटरच्या तळाशी छापलेले मॉडेल आणि आवृत्ती पाहिली. मॉडेल एक असले तरी आवृत्तीनुसार आतले भाग बदलतात. चुकीच्या फाइलने राउटर निकामी होतो. किमान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम हवी, जास्त असल्यास उत्तम. ब्रॉडबँडचे यूजरनेम, पासवर्ड वहीत उतरवले. फाइल वाय-फायवरून नव्हे, केबल जोडूनच चढवली. तेवढ्यात वीज जाता कामा नये, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला.

मग १९२.१६८.१.१ उघडून सर्वांत आधी पासवर्ड ठेवला, कारण सुरुवातीला तो नसतोच. वाय-फायही बहुधा बंद असते. ते डब्ल्यूपीए२ सुरक्षेसह सुरू केले.

राउटर ब्रॉडबँड कंपनीच्या मालकीचा असेल तर मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. स्वतःचा, वॉरंटी संपलेला असेल तर करून पाहावे. नंतरही नव्या आवृत्त्या आपणच चढवायच्या, हे विसरू नये.