राखेचा हिशेब: औद्योगिक रसायनशास्त्राची पदवी, गडचांदूरहून पाहताना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने दाटीवाटीनं उभे आहेत. गावालगत माणिकगड, थोडं पुढे आवारपूर, उपरवाही, नारंडा. आवारपूरचा कारखाना १९८३ सालचा. ही सगळी गर्दी जमली ती कोरपना-राजुरा पट्ट्यातल्या चुनखडकामुळे. जिल्ह्यात त्याशिवाय वर्धा खोऱ्यातला कोळसा आहे, बल्लारपूरची पेपर मिल आहे, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, फेरोमँगनीज तयार करणारा कारखाना आहे आणि पूर्वेला गडचिरोलीचं बांबू-मोहाचं जंगल आहे. औद्योगिक रसायनशास्त्र शिकायला याहून संपन्न मुलूख महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. त्या मानानं हा विषय इथल्या वर्गात फार कोरडेपणानं शिकवला जातो.

विदर्भात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून १९४२ मध्ये नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तो रासायनिक अभियांत्रिकीचा रस्ता होता, मोजक्या मुलांसाठी. बी.एस्सी.च्या मुलांसाठी दार उघडलं ते १९९४-९५ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवी पातळीवर व्यवसायाभिमुख विषय आणले तेव्हा. त्या यादीत औद्योगिक रसायनशास्त्र होतं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं नागपूरपासून वेगळी झाली. अभ्यासक्रम इथल्या जमिनीतून घडवण्याची संधी तेव्हापासून हाताशी आहे.

या पदवीचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. दळणं, गाळणं, वाळवणं, ऊर्ध्वपातन या युनिट ऑपरेशन्स, इंधनं, पाण्याचं शुद्धीकरण, सिमेंट, काच, कागद, साखर, साबण, रंग, बहुवारिकं, शेवटी सांडपाणी आणि सुरक्षितता. उद्योगांची प्रकरणं मुलं पाठ करतात, फ्लो-शीट काढतात, मार्क मिळवतात. माझ्या मते या सगळ्यात कणा एकाच घटकाचा आहे: द्रव्य आणि ऊर्जेचा ताळेबंद. आत किती गेलं, बाहेर काय काय आलं, उरलेलं कुठे आहे. नेमका हाच भाग गणिताच्या भीतीनं ऑप्शनला टाकला जातो.

चुनखडकाचं एक साधं प्रॅक्टिकल घ्या. खडक कुटून, चाळून, वाळवून त्याची एक ग्रॅम पूड क्रुसिबलमध्ये तोलायची आणि मफल फर्नेसमध्ये हजार अंशांच्या आसपास तापवायची. थंड झाल्यावर पुन्हा वजन. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असतं तर ०.५६ ग्रॅम चुना उरला असता आणि ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून गेला असता. खदानीतला दगड तसा वागत नाही. त्यात वाळू असते, माती असते, म्हणून घट कमी भरते; मॅग्नेशियम कार्बोनेट असलं तर ती उलट वाढते. मग दुसरा नमुना आम्लात विरघळवायचा, पीएच बारापुढे न्यायचा आणि ईडीटीएचं टायट्रेशन करायचं. पॅटन-रीडर दर्शकाचा लालसर रंग एका थेंबानं निळा झाला की कॅल्शियमचा आकडा हाती येतो. कारखान्यात आज हे काम एक्स-रे यंत्र काही मिनिटांत करतं. तरी तो थेंब स्वतःच्या हातानं टाकलेल्या मुलालाच यंत्राचा आकडा चुकला की शंका येते.

आता कोळसा. पुस्तकात इंधन म्हणजे उष्णता, एवढंच. इथल्या कोळशात राख भरपूर, आणि सिमेंटच्या किल्नमध्ये ती राख क्लिंकरमध्येच, म्हणजे भाजून निघालेल्या खड्यांतच, जाऊन बसते. शंभर टन क्लिंकरला वीस टन कोळसा जळला आणि त्यात तीस टक्के राख धरली, तर सहा टन राख मालात मिसळली. ती मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. तिचा हिशेब आधी धरून चुन्याचं प्रमाण वाढवलं नाही, तर सिमेंटला लवकर ताकद देणारं ट्रायकॅल्शियम सिलिकेट कमी पडतं. कोळशाची राख काढणं, म्हणजे ८१५ अंशांवर जाळून वजन घेणं, हे इंधनाच्या प्रकरणातलं प्रॅक्टिकल. सिमेंटचं मिश्रण ठरवणं हे दुसऱ्याच प्रकरणातलं गणित. वर्गात दोन्हींची कधी गाठ पडत नाही. कारखान्यात शिफ्ट केमिस्टच्या डोक्यात ती रोज पडते.

बांबूपासून कागद करण्याचंही तसंच. चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवायच्या, उरलेलं काळं द्रावण जाळून रसायनं परत मिळवायची, त्यासाठी चुना वापरायचा, आणि तळाशी बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा भाजून चुना करायचा. हे सुबक वर्तुळ पाइनच्या लाकडावर बेतलेलं आहे. बांबूत सिलिका जास्त. ती चुन्याच्या गाळात साठत जाते आणि तो गाळ पुन्हा भाजून वापरणं अवघड होतं. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावानं सामूहिक वनहक्कातून बांबू विकण्याचा अधिकार मिळवला. त्या बांबूची सिलिका मोजणं हा पदवीच्या प्रकल्पाला अगदी योग्य विषय आहे. मोहफुलांचं किण्वन आणि टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा साबण हे आणखी दोन.

ताळेबंदाची बाहेरची बाजूही शिकवायलाच हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. देशात चौथा क्रमांक. चुनखडकातून उडालेला कार्बन डायऑक्साइड, धूळ, औष्णिक केंद्राची राख, सगळं याच हिशेबात येतं. त्यातल्या फ्लाय अ‍ॅशचा मोठा उपयोग सिमेंटमध्येच होतो, हेही मुलांना आकड्यांनिशी कळावं. कोरपना-जिवतीच्या गोंड-कोलाम घरांतली, पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली मुलं या विषयाला बसतात. त्यांना कारखान्याच्या गेटवर लोडिंगचं कंत्राटी काम नको, प्रयोगशाळेतली खुर्ची हवी. तिथे पोचायला फ्लो-शीटचं पाठांतर पुरत नाही.

म्हणून अभ्यास मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्थानिक नमुन्यावरच असावा: खदानीचा दगड, खाणीचा कोळसा, जंगलातला बांबू किंवा गावच्या विहिरीचं पाणी. दगडातलं कॅल्शियम मोजणारं ईडीटीएच पाण्याचा कठीणपणा मोजतं. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच विहिरींचे नमुने दरवर्षी तपासले आणि नोंदी ग्रामपंचायतीला दिल्या, तर पाच-सात वर्षांत तालुक्याकडे स्वतःची आकडेवारी असेल.