वर्दी देणाऱ्या पेशीचा माग

एचआयव्ही आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोन्ही विषयांवरच्या शोधनिबंधांत एकच नाव दिसले, की या शास्त्रज्ञाने मध्येच क्षेत्र बदलले असणार, असे वाटणे साहजिक आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. नीना भारद्वाज यांच्याबाबत मात्र तो समज टिकत नाही. रॉकफेलर विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि माउंट सायनाय या तिन्ही ठिकाणी त्या एकाच पेशीच्या मागावर राहिल्या. ती म्हणजे डेंड्रिटिक पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झँव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये ती ओळखली. स्टाइनमन यांना त्यासाठी २०११ चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीनच दिवस झाले होते. भारद्वाज या स्टाइनमन यांच्या सहकारी. ही पेशी स्वतः लढत नाही. ती शत्रूचा तुकडा उचलते आणि लढणाऱ्या टी-पेशींना वर्दी देते. वर्दी पोचूनही बचाव का उभा राहत नाही, हा भारद्वाज यांचा मूळ प्रश्न, आणि एचआयव्ही व कर्करोग ही तो विचारण्याची दोन ठिकाणे, असे माझे म्हणणे आहे.

त्याचा पुरावा त्यांच्या निबंधांतच आहे. मरणाऱ्या पेशींचे तुकडे गिळून डेंड्रिटिक पेशी मारक टी-पेशींना जागे करतात, हे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले. प्रयोग इन्फ्लूएन्झाच्या विषाणूवर होता, पण कर्करोगाच्या गाठीतल्या मरणाऱ्या पेशींनाही तोच न्याय लागू पडतो. २००५ मध्ये त्यांच्या गटाला दिसले, की एका प्रकारच्या डेंड्रिटिक पेशी एचआयव्ही गिळतात, त्याचा आरएनए पेशीच्या आत ओळखला जातो आणि इंटरफेरॉन सुटते. म्हणजे धोक्याची घंटा वाजते. पुढचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये आढळले, की एचआयव्हीने चेतवलेल्या याच पेशी बचावाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही घडवतात. घंटा वाजवणाराच पहारेकऱ्यांना थोपवतो. कर्करोगाच्या गाठीत प्रतिकारशक्ती अशीच थोपवली जाते.

यावर आक्षेप घेता येतो, की विषाणू परका असतो आणि कर्करोग आपल्याच पेशींचा. म्हणून साम्य वरवरचे आहे, असे कोणी म्हणेल. पण परकेपणा पुरेसा असता तर एचआयव्ही शरीरात टिकला नसता. आणि मूत्राशयाच्या गाठी अगदीच ‘आपल्या’ही नसतात: त्यांच्यातील अनेक जनुकीय बदलांमुळे टी-पेशींना ओळखता येतील अशी नवी प्रथिने तयार होतात. शिवाय या अवयवाने बाहेरच्या जंतूचा उपयोग आधीच सिद्ध केला आहे. क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडून तिथला कर्करोग रोखता येतो, हे अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये कॅनडातून मांडले. त्या उपचारासाठीची बीसीजी आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. जंतू चेतवतो, म्हणून शरीर गाठीकडे वळते.

दोन्ही संशोधनांना जोडणारा सर्वांत ठोस दुवा म्हणजे पॉली-आयसीएलसी, विषाणूच्या आरएनएचे सोंग घेणारे कृत्रिम रसायन. भारद्वाज यांच्या गटाने ते उपचार चालू असलेल्या एचआयव्ही रुग्णांना देऊन पाहिले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले: ते सुरक्षित ठरले, प्रतिकारशक्ती जागी झाली, पण थोडाच काळ. त्याच रसायनाच्या जोडीने त्यांनी मूत्रमार्गाच्या कर्करोगासाठी वैयक्तिक लस तयार केली. रुग्णाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती पेप्टाइडे बनवायची, सोबत पॉली-आयसीएलसी आणि टी-पेशींवरचा आवर काढणारे अॅटेझोलिझुमॅब हे औषध द्यायचे, असा तो बेत. लसीतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी-पेशी रुग्णांत दिसल्या.

इथे मात्र दुसरा आक्षेप मान्य करावाच लागतो. ही पहिल्या टप्प्याची, मोजक्या रुग्णांची चाचणी होती. अॅटेझोलिझुमॅब एकट्यानेही काही गाठी आक्रसवते. त्यामुळे रुग्णांत सुधारणा दिसली, तरी तिचे श्रेय लसीला किती द्यायचे, हे या चाचणीतून काढता येत नाही. एचआयव्हीची लसही अजून आलेली नाही. ज्यांना संशोधकाचे मोल औषधाच्या दुकानात मोजायचे आहे त्यांना हा हिशेब तोट्याचा वाटेल. मला वाटत नाही, कारण कर्करोगाच्या लसीत विषाणूचे सोंग का घ्यायचे, याचे उत्तर विषाणूच्या अभ्यासानेच दिले आहे. लस उपयोगी आहे असे आज म्हणता येणार नाही. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करणारी मोठी चाचणी घ्यावी, एवढा पुरावा मात्र जमला आहे.