मेट्टेबाई कुणाच्या चिरंजीव?

ग्रीनलँडचा वाद पेटल्यापासून दोन नावं सारखी कानावर पडताहेत: डेन्मार्कच्या मेट्टे फ्रेडरिकसेन आणि ग्रीनलँडचे येन्स-फ्रेडरिक निल्सेन. ‘सेन’ म्हणजे मुलगा. या हिशेबाने मेट्टेबाई फ्रेडरिकच्या चिरंजीव ठरतात. बरं, त्यांच्या वडिलांचं नाव फ्रेडरिक नाहीच!

हा घोळ सरकारी आहे. पूर्वी नील्सचा मुलगा येन्स तो येन्स निल्सेन, त्याची बहीण मारेन ती मारेन निल्सडॅटर, आणि येन्सची पोरं येन्सेन. दर पिढीला नवं नाव. मुली लग्नानंतरही बापाचंच नाव लावत. शेतकऱ्यांचं यात काही अडत नव्हतं. अडत होतं ते दप्तरात. सरदारांना राजा पहिल्या फ्रेडरिकने १५२६ मध्येच कायमची आडनावं घ्यायला लावली होती. सामान्यांची पाळी आली १८२८ मध्ये: बाप्तिस्म्यालाच मुलाला आडनाव द्या, असा हुकूम निघाला. तो फारसा कुणी मनावर घेईना, तेव्हा १८५६ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. ज्या पिढीवर शिक्का बसला, तिच्यातला बाप घराण्याला कायमचा चिकटला आणि ‘डॅटर’ दप्तरातून हळूहळू पुसली गेली. स्वीडनमध्ये याबाबतचा नियम १९०१ चा, नॉर्वेत कायदा १९२३ चा.

या नावांना ‘व्हायकिंग वारसा’ म्हणून मिरवणं मला तरी पटत नाही. येन्स आणि हान्स हे दोघेही मुळात योहान्नेस, नील्स म्हणजे संत निकोलस, रासमुस म्हणजे इरॅस्मस. सगळा चर्चचा माल, आणि तोही मोजकाच. म्हणून तर १९९३ ते २०११ या काळात डेन्मार्कला एकामागोमाग तीन पंतप्रधान मिळाले, तिघेही रासमुसेन आणि नात्याने कुणी कुणाचं नाही! लोकांनी त्यांना मधल्या नावांनीच ओळखलं: न्यूरुप, फोग, ल्योके. स्वीडिश लष्कराने तर एकाच तुकडीतले अँडर्स अँडर्सन वेगळे ओळखता यावेत म्हणून शिपायांना रास्क (चपळ), मूदिग (धाडसी) अशी नावं वाटली. शेवटी १९०४ मध्ये डेन्मार्कलाच ‘सेन’ टाकून दुसरं आडनाव घेणं सोपं करणारा कायदा करावा लागला.

आइसलँड मात्र या फंदात पडलं नाही. नवी आडनावं घ्यायला तिथे १९२५ मध्ये बंदीच घातली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान झालेल्या क्रिस्त्रून फ्रोस्टाडोत्तिर खरोखरच फ्रोस्टीच्या कन्या आहेत. आपलं मधलं नाव करतं तेच काम, फक्त पुढे आडनाव नाही. त्यामुळे टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असायची, आणि पंतप्रधानांनाही लोक सरळ ‘क्रिस्त्रून’ म्हणतात.