ठिणगी तीच, खटका नवा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे चित्र काढायला सांगितले, तर तुमच्यापैकी बरेच जण आजही एकाच मोटारीचे चित्र काढतील. ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. इटलीतील फियाट कंपनीच्या '११००' या लहान मोटारीचा हा भारतीय अवतार. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही मोटार १९६४ पासून तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नवे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सीही उरली नाही. मात्र घरची पद्मिनी हौसेने जपणारी मंडळी अजून आहेत, आणि अशी दोन माणसे भेटली की एक वाद हटकून निघतो : इंजिनातले जुने 'पॉइंट' काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे की बसवू नये?

वाद गॅरेजमधला असला, तरी त्याचे निम्मेअधिक उत्तर तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ते कसे, हे आपण पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगीने पेटवले जाते. ही ठिणगी प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत पडते. दाबलेल्या वायूतून एवढीशी फट ओलांडायलाही दहा-वीस हजार व्होल्टचे विभवांतर लागू शकते. मोटारीत बॅटरी असते १२ व्होल्टची. मग हे हजारो व्होल्ट येतात कोठून?

'रोहित्रातून', असे तुम्ही चटकन म्हणाल. इग्निशन कॉइल हे एक प्रकारचे रोहित्रच आहे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काही शे फेरे, आणि त्याच गाभ्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या सुमारे शंभरपट फेरे. पण थांबा. बॅटरीचा प्रवाह एकदिश असतो, आणि एकदिश स्थिर प्रवाहावर रोहित्र चालत नाही. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले त्याप्रमाणे, चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेव्हाच वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. बदल जितका झटपट, तितके विभवांतर मोठे.

तेव्हा युक्ती अशी : जाड तारेतून प्रवाह सावकाश वाढू द्यायचा आणि मग तो एकदम तोडायचा. प्रवाह वाढायला काही सहस्रांश सेकंद लागतात, तुटायला त्याच्या कितीतरी कमी वेळ पुरतो. तुटताना जाड वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्टची उसळी येते आणि बारीक वेटोळ्यात तिच्या सुमारे शंभरपट. लक्षात घ्या, ठिणगी प्रवाह सुरू होताना पडत नाही; तो बंद होताना पडते.

यावर विश्वास बसत नसेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. ट्यूबलाइटचा जुना, वजनदार लोखंडी चोक घ्या. इलेक्ट्रॉनिक चोक चालणार नाही. त्याच्या दोन टोकांना स्विचबोर्डवरचा जुन्या धर्तीचा निऑनचा इंडिकेटर जोडा. आता टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडून, म्हणजे ६ व्होल्ट, एका बटणामार्फत चोकला द्या. बटण दाबा, इंडिकेटर पेटणार नाही. त्याला ६ व्होल्ट पुरतच नाहीत. आता बटण सोडा. त्याच क्षणी निऑन नारिंगी चमकून विझेल. खोलीत अंधार असेल तर चमक चांगली दिसते. चोकच्या उघड्या टोकांना मात्र बोट लावू नका. सहा व्होल्टच्या सेलवरही सणसणीत झटका बसेल. आणि हा चोक घरच्या विजेला जोडायचा नाही, हे सांगायला नकोच. जुन्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर फडफडून नळी पेटते, तीसुद्धा याच उसळीने.

आता मोटारीकडे वळू. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे हे बटण मोटारीत कोण दाबते? अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास जी योजना बसवून दिली, तीच साठ-सत्तर वर्षे जगभर चालली. डिस्ट्रिब्युटर नावाच्या भांड्यात एक दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याला चार उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा आला की तो एका छोट्या तरफेला ढकलतो आणि तिच्या टोकावरची धातूची टिकली समोरच्या टिकलीपासून अलग होते. याच दोन टिकल्या म्हणजे 'पॉइंट'. त्यांच्यातील फट असते फार तर अर्धा मिलिमीटर.

टिकल्या अलग होताना प्रवाह सुखासुखी थांबत नाही. फटीतून उडी मारून वाहत राहू पाहतो. तसे झाले तर टिकल्या जळतात आणि प्रवाहही झटकन तुटत नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक लहानसे धारित्र जोडतात. गॅरेजमध्ये त्याला कंडेन्सर म्हणतात. टिकल्या पुरेशा दूर होईपर्यंत प्रवाहाला ते क्षणभर आसरा देते. कंडेन्सर खराब झाला की ठिणगी प्लगमध्ये पडायची ती पॉइंटमध्येच पडू लागते.

थोडे गणित करू. समजा, मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला ६०००, आणि तेवढ्या वेळात कापलेले अंतर एक किलोमीटर. मोटार १०,००० किलोमीटर धावेपर्यंत पॉइंट सहा कोटी वेळा उघडलेले असतील! एवढ्या वेळा आपटून, घासून आणि जळून टिकल्या जशाच्या तशा राहतील ही अपेक्षाच चुकीची. एका टिकलीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा येतो. तरफेचा जो फायबरचा पाय दांड्यावर घासतो तो झिजतो, फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडू लागतात. म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिनाचा मुख्य दांडा एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. ठिणगीला मिलिसेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तरी पावणेदोन अंशांचा फरक पडला. डिस्ट्रिब्युटरचा दांडा जुना होऊन हलू लागला असेल, तर प्रत्येक सिलिंडरची वेळ वेगवेगळी चुकते.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त ४ अँपिअर प्रवाह वाहील. वेटोळ्याचे स्वयंप्रवर्तन ९ मिलिहेन्री धरू. तर साठलेली ऊर्जा होते ७२ मिलिज्यूल. पण प्रवाह शून्यापासून चारपर्यंत एकदम चढत नाही. या कॉइलमध्ये पहिल्या ३ मिलिसेकंदांत तो ६३ टक्केच होतो. इंजिन नुसते गुरगुरत असताना भरपूर वेळ मिळतो. पण मिनिटाला ४५०० फेऱ्यांना दोन ठिणग्यांमधील अंतर पावणेसात मिलिसेकंदांहून कमी असते आणि पॉइंट त्यातील चारेक मिलिसेकंदच मिटलेले असतात. तेवढ्यात प्रवाह तीन अँपिअरच्या आतबाहेर पोहोचतो आणि ऊर्जा उरते ३९ मिलिज्यूल, म्हणजे जवळजवळ निम्मी. मग कमी रोधाची कॉइल घालून जास्त प्रवाह का घेऊ नये? कारण तो प्रवाह पॉइंटना सोसत नाही. ते फार लवकर जळतात. केटरिंगच्या योजनेची मर्यादा कॉइलमध्ये नाही, ती खटक्यात आहे.

या जागी ट्रान्झिस्टर येतो. बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेला हा अर्धवाहक म्हणजे हलता भाग नसलेला खटका. तो कित्येक अँपिअर प्रवाह काही मायक्रोसेकंदांत तोडतो आणि तोडताना ठिणगी उडत नाही. पण 'आता तोड' हे त्याला सांगायचे कोणी? जुन्या मोटारीसाठी मिळणाऱ्या बहुतेक संचांत हे काम हॉल परिणाम करतो. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाला १८७९ साली आढळले की, प्रवाह वाहणाऱ्या पातळ पट्टीवर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये छोटेसे विभवांतर निर्माण होते. संचात चार चुंबक बसवलेले एक कडे असते. ते डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चढवतात. पॉइंटच्या जागी नखाएवढा हॉल संवेदक आणि ट्रान्झिस्टर असलेला ठोकळा येतो. चुंबक समोरून गेला की ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. कोठे घासणे नाही, आपटणे नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९७३ च्या मोटारींपासून बिनपॉइंटची अशी पद्धत सर्रास वापरली. तिथे मात्र चुंबकीय बदल टिपायला हॉल पट्टीऐवजी साधे वेटोळे होते.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर गॅरेजमध्ये टायमिंग लाइट लावायला सांगा. पहिल्या सिलिंडरच्या प्रत्येक ठिणगीबरोबर हा दिवा लखलखतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. पॉइंट जुने असतील तर ही खूण थरथरते. नव्या संचावर ती बरीच स्थिर राहते.

तर मग ताकद वाढते का, मायलेज वाढते का? जाहिराती काहीही म्हणोत, माझे मत असे : नवे, नीट लावलेले पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिक संच यांत पहिल्या दिवशी फारसा फरक जाणवणार नाही. ठिणगी शेवटी तीच कॉइल देते. जुनीच ३ ओहमची कॉइल ठेवली, तर प्रवाह चढायला लागणारा वेळही तोच राहणार. फरक दिसतो पाच हजार किलोमीटरनंतर. तोवर पॉइंटची फट बदललेली असते, चुंबकाचे कडे जसेच्या तसे असते. आणखी एक सांगतो. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरून गाडी मिसिंग करत असेल, तर त्यावर हा संच औषध नव्हे. टोपण, रोटर आणि प्लगच्या वायरी जुन्याच असतात. वेग वाढला की ठिणगी अलीकडे आणणारी डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनेही जुनीच राहतात. ती गंजून अडकली असतील, तर ट्रान्झिस्टर त्यांचे काही करू शकत नाही.

बसवणे अवघड नाही. तांबडी वायर कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. कंडेन्सर काढून टाकायचा. पण आधी बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या सांगाड्याला जोडले आहे ते पाहावे आणि कॉइलचा रोध मीटरने मोजून संचाच्या कागदावरील आकड्याशी ताडावा. वायरी उलट लागल्या, किंवा रोध फार कमी निघाला, तर ठोकळा जातो. इंजिन बंद ठेवून किल्ली बराच वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते. बसवल्यावर ठिणगीची वेळ टायमिंग लाइटने पुन्हा लावायलाच हवी.

राहिला खरा आक्षेप, आणि तो जुन्या टॅक्सीवाल्यांचा आहे. पॉइंट बिघडतात ते हळूहळू. आधी गाडी कुरकुरते, मग अडते. रस्त्याच्या कडेला उभे राहून काचकागदाचा तुकडा फिरवला, फट फिलर गेजने लावली, की गाडी घरी येते. इलेक्ट्रॉनिक ठोकळा मात्र चालतो तेव्हा पूर्ण चालतो आणि गेला की एका क्षणात जातो. तो उघडून दुरुस्त करता येत नाही. आत सगळे राळेत ओतून बंद केलेले असते. घाटात, रात्री, अशा वेळी तुमचे ज्ञान आणि हातातले पकड-पाने निरुपयोगी ठरतात. म्हणून जाणते मेकॅनिक संच बसवतात, पण काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फेकून देत नाहीत. ते एका डब्यात घालून, फिलर गेज आणि पेचकससह, डिकीत ठेवून देतात. ठोकळा गेलाच तर अर्ध्या तासात जुना खटका परत बसतो.