बोर्ड रंगवणाऱ्यांची कला

कलेचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते जरा अवघडतात. कला म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, अशी भावना त्यामागे असते. दुसऱ्या बाजूला प्रस्थापित समीक्षक बसलेला आहे. चित्र दालनात टांगलेले असावे, ते एकट्या प्रतिभावंताच्या हातचे असावे, त्यामागे माल खपवण्याचा हेतू नसावा, अशा अटी घालून त्याने दरवाजा आधीच लावून घेतला आहे. या दोघांच्या मधून एक मोठी कला आपल्या डोळ्यांदेखत येऊन निघूनही गेली. सिनेमाचे पोस्टर, टॉकीजवरचा हाताने रंगवलेला बोर्ड, भिंतीवरची जाहिरात. तिला कला म्हणायचे काय, आणि म्हणायचे तर तिच्याकडे पाहायचे कसे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

एम.ए.ला असताना लघुप्रबंधासाठी मी हा विषय सुचवला होता. “साबणाच्या जाहिरातीचे सौंदर्यशास्त्र लिहिणार का?” असे म्हणून आमचे प्राध्यापक हसले. त्यांच्याबरोबर वर्गही हसला. मी विषय बदलला. वास्तविक उत्तर माझ्या घरातच होते. माझा मामा तालुक्याच्या गावी बोर्ड रंगवीत असे, आणि घरातला पहिला पदवीधर असलेला मी जोडाक्षरे वाचायला शिकलो ती शाळेच्या फळ्यावरून कमी आणि त्याच्या बोर्डांवरून जास्त.

हे काम कसे चालते ते आधी समजून घेतले पाहिजे. १९९८-९९ च्या सुमारास मी ते रोज पाहत होतो. टॉकीजच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड. बांबूच्या चौकटीवर मांजरपाट ताणायचे आणि त्यावर सरस व सफेद्याचा हात द्यायचा. वितरकाकडून सिनेमाचे दोनचार फोटो आणि छापील पोस्टर येई. फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे. गेरूत बुडवलेली दोरी कापडावर ताणून सोडली की रेघ उमटते. तशा रेघांनी तेवढेच मोठे चौकोन कापडावर पाडायचे. मग एकेका चौकोनातले एकेका चौकोनात. बोटाएवढा डोळा हातभर होतो. रंग पुडीचे, जवसाच्या तेलात घोटलेले. पार्श्वभूमी पोरे भरीत, अक्षरे एक जण काढी, चेहरा फक्त मामा करी. शिडीवर जवळ उभे राहून काम करायचे आणि दर पाच मिनिटांनी खाली उतरून रस्त्यापलीकडे जाऊन पाहायचे. जवळून तो चेहरा म्हणजे तांबड्या, हिरव्या, जांभळ्या रंगांचे नुसते फटकारे असत. पलीकडच्या पानटपरीवरून पाहिले की त्यांतून नायक रागाने बघू लागे.

हे फटकारे अडाणीपणाचे आहेत, असे सुशिक्षित माणसाला वाटते. ते तसे नाहीत. हा बोर्ड सायकलवरून, एसटीच्या खिडकीतून, संध्याकाळच्या धुरकट उजेडात पाहिला जाणार आहे. पाहणाऱ्याजवळ दोनचार सेकंद आहेत. तेवढ्यात त्याला कळले पाहिजे की सिनेमा मारामारीचा आहे की रडण्याचा, नट कोण, आणि खलनायक किती भयंकर. म्हणून गालाच्या एका बाजूला तांबडा आणि दुसऱ्या बाजूला निळा. म्हणून अक्षरांना जाड सावली. दालनातल्या चित्रासमोर माणूस थांबतो. येथे चालत्या माणसाला चित्राने थांबवायचे असते. ही अट वेगळी आहे, म्हणून कसोटीही वेगळी लावावी लागेल.

१९५७ च्या ‘मदर इंडिया’चे पोस्टर पुष्कळांनी पाहिले असेल. खांद्यावर नांगर घेऊन ओढणारी नर्गिस. तीन तासांची कर्जाची, भुकेची, बाईच्या कष्टाची गोष्ट त्या एका वाकलेल्या शरीरात आली आहे. कथानक न सांगता आशय सांगणे यालाच जर आपण कवितेत श्रेष्ठ मानतो, तर येथे ते कमी का मानावे?

या कलेला वंशावळही आहे. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे झोपडीपर्यंत पोचली. (देवळात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्या घरात देव छापील कागदावरून आला, याचा विचार कधीतरी स्वतंत्रपणे व्हायला हवा.) कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री कारागीर घराण्यातले. कलाशाळेचे शिक्षण नव्हते. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचे आडनावच पेंटर झाले. त्यांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढली आणि सिनेमांची पोस्टरेही स्वतः रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. पुढे १९७० च्या दशकात दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या सिनेमांची पोस्टरे केली. एम. एफ. हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवीत होते, हे तर सर्वश्रुत आहे. पण ते कसे सांगितले जाते पाहा. हुसेन त्या शिडीवरून उतरून मोठे झाले, अशीच ती कहाणी असते. शिडीवर जे राहिले ते कलावंत नव्हते, असे त्यात गृहीत धरलेले असते.

माझा मामा बोर्डाच्या कोपऱ्यात नुसते पाळण्यातले नाव लिही. आडनाव कधीही नाही. “आडनाव दिसलं की गणपतीच्या मंडळाचं काम जातं,” असे तो म्हणे. चित्र चालत होते, हात चालत होता, आडनाव चालत नव्हते.

आता आक्षेपाकडे येतो. जाहिरात खोटे बोलते. बाईचे शरीर मांडून ती साबण विकते, हे खरेच आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि काळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, हे तिच्या जाहिरातींनी घराघरांत पटवले. नावातला ‘फेअर’ काढायला २०२० साल उजाडले. पण जाहिरात कला नाही असे म्हटल्याने हे खोटे उघडे पडत नाही. ते कोणत्या रंगाने, कोणत्या उजेडाने, कोणत्या चेहऱ्याने पटवले जाते हे बारकाईने पाहिले तरच पडते. कौतुक आणि चिकित्सा या एकाच डोळ्याने करायच्या गोष्टी आहेत.

हे मला मामाच्या शेडमध्येच कळले. चौदा एप्रिलसाठी तो बाबासाहेबांचे मोठे चित्र करीत होता. तेच चौकोन, तीच गेरूची दोरी. निळा कोट सुरेख उतरला होता. चेहरा मात्र गुलाबी. मी विचारले, “मामा, बाबासाहेब इतके गोरे होते का?” तो म्हणाला, “हिरोचा रंग हाच असतो रे.” खलनायकाच्या चेहऱ्यासाठी काळपट तपकिरी डबा शेडमध्ये वेगळाच ठेवलेला असे. आमच्या वस्तीतले सगळे चेहरे त्या दुसऱ्या डब्यातले होते. त्या दिवशी तो पुढे काही बोलला नाही. पुढच्या वर्षीच्या चित्रात त्याने पिवळी माती आणि तपकिरी जास्त घोटली. मंडळातल्या दोघातिघांनी कुरकुर केली, पण चित्र तसेच लागले.

नंतर फ्लेक्स आला. संगणकावर तासाभरात छापून मिळू लागले आणि शेड बंद झाली. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हिंदी सिनेमाच्या पोस्टरांचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा मामा दुकानांची शटरे रंगवीत होता. छापील पोस्टरे तरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली. मामाच्या बोर्डाचे कापड मात्र पुढच्या शुक्रवारी सफेदा मारून नव्या सिनेमासाठी वापरले जाई. एकही उरला नाही.

पण रंगवणारे अजून हयात आहेत. तालुक्यातालुक्यांत पन्नाशी-साठीतले असे पेंटर सापडतील. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. रंग कुठून आणत, मजुरी काय मिळे, चेहरा कोणाकडून शिकले, सही कशी करीत, हे विचारून लिहून घ्यावे. मी मामापासून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी तो दोन तास बोलला, आणि त्यातला दीड तास फक्त डोळे कसे काढायचे यावर.